शिमग्यापर्यंत पाणी नको

बावीस वर्षं मी पाणी सोडायची नोकरी केली, आणि आंबेडोहात मात्र मला ओळखतात ती पाणी बंद करणारी बाई म्हणून. रोह्याच्या बाजारात अजून कुणीतरी हाक मारतं, "पाटकरीणबाय, ह्या साली दार कधी उघडायचं गो?" मी रिटायर होऊन दोन पावसाळे झाले तरी विचारतात. मी सांगते, आता माझ्याकडे चावी नाही, नव्या माणसाला विचारा. पण ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पाटकरी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. नदीवर बंधारा असतो, बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्याला डावी-उजवीकडे चाऱ्या फुटतात आणि चारीतून पाणी शेतात जातं. प्रत्येक चारीच्या तोंडाशी एक लोखंडी दार असतं. दाराच्या वर आटे पाडलेला दांडा. त्या दांड्याला चावी लावून फिरवली की दार वर चढतं, उलटी फिरवली की खाली बसतं. ही चावी म्हणजे कपाटाची चावी नव्हे. हातभर लांबीचा लोखंडी टी असतो, खांद्यावर घेऊन चालावं लागतं. कुणाला किती दिवस पाणी ते आधी ठरलेलं असतं, त्याला पाळी म्हणतात. पाळीप्रमाणे दार उघडायचं, पाळीप्रमाणे लावायचं, आणि दोन्ही वेळा शिव्या खायच्या. ही झाली नोकरी.

आमचे हे याच नोकरीत होते. छातीत कळ आली नि गेले, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. त्यांच्या जागेवर मला घेतलं. पहिल्या दिवशी कालव्यावर उभं राहून चारपाच जण बघत होते, बाईच्यानं दार फिरतं का म्हणून. दार गंजलेलं. मी साडीचा पदर खोचला, दांड्याला खोबरेल तेल ओतलं, थोडा वेळ थांबले आणि मग चावी लावली. फिरलं. एकजण म्हणाला, "तेल घालून कोन पन फिरवील." मी म्हटलं, "मग इतकी वर्षं का नाही घातलंत?" तिथून पुढे कुणी बघायला आलं नाही.

नमुने पुष्कळ भेटले. एकजण रात्री दार बंद झाल्यावर त्याखाली धोंडा सरकवून ठेवायचा, म्हणजे दार पूर्ण बसत नाही आणि झिरपत राहतं. एक निवृत्त गुरुजी होते, ते पाण्याचा अर्ज असा लिहायचे की जणू लग्नाची पत्रिका. "आपले कृपाजल लाभावे" असं वाचून आमचा क्लार्क चहा सांडायचा. आणि एक महाभाग दाराच्या दांड्यालाच आपला मारका खोंड बांधून ठेवायचे. पाळी संपली तरी मी दार लावायला जवळ जाऊ शकू नये म्हणून. मी त्या खोंडाला आठवडाभर रोज गुळाचा खडा घातला. नंतर तो मला बघून शेपूट हलवायचा आणि मालक लांबून कपाळाला हात लावायचा.

पण पाणी चोरणाऱ्यांवर माझा खरा राग होता, आणि त्याला कारण आहे. माझं माहेर पेणच्या खारेपाटात. घरासमोर खाडी, मागे मिठागरं, चोहीकडे पाणीच पाणी आणि तोंडात घालायला घोटभर नाही. पिण्याच्या पाण्याची नळाची लाइन यायची, पण आमचं गाव लाइनच्या शेवटाला. वरच्या गावांनी भरून झालं की उरलंसुरलं आमच्याकडे. नळाच्या तोंडातून आधी नुसती हवा यायची, फुस्स करून. माझी आई त्या आवाजावरून सांगायची, आज दोन हंडे मिळतील की एकही नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी अंगणातल्या केळीला. शेवटाला राहणं म्हणजे काय ते मी अंगावर काढलंय. म्हणून नोकरीला लागले तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या हद्दीत पाणी आधी शेवटाला जाईल, मग वर येईल. नियमही तसाच आहे. फक्त तो कुणी पाळत नाही.

पाचव्या वर्षी मला आंबेडोहाची हद्द मिळाली. आंबेडोह म्हणजे कालव्याचं अगदी टोक. त्याच्या पुढे चारी नाही, डोंगर आहे. रजिस्टरमध्ये लिहिलेलं, पाळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. गावात पाणी पोचायचं मार्च उजाडल्यावर, कारण मधल्या वाटेवर सगळे हात मारून घ्यायचे. माझं डोकं फिरलं. त्या डिसेंबरात मी कालव्यावरचे सगळे चोरपाइप उपटले, धोंडे काढले, तीन ठिकाणी कडाक्याची भांडणं केली, एका ठिकाणी पोलिसपाटलाला मध्ये घेतलं. आणि जानेवारीच्या चौथ्या दिवशी आंबेडोहाच्या चारीचं दार पूर्ण वर चढवलं.

नवं पाणी चारीत सुटलं की पाटकरी त्याच्या पुढे चालतो. पाला, काटक्या, प्लास्टिक जे अडकलेलं असेल ते काढत जायचं, नाहीतर पाणी तुंबून काठ फोडतं. मी पुढे आणि मागून पाणी, अशी आम्ही दोघं आंबेडोहात शिरलो. मला वाटत होतं गाव आरती घेऊन उभं राहील.

उभी होती एकच बाई. माझ्याच वयाची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात विळा. चारीच्या मधोमध पाय रोवून उभी.

"बंद कर गो बाय," ती म्हणाली.

"काय?"

"पानी बंद कर. कोनी मागितलंय तुज्याकडं?"

ती चांगुणा. मला आधी वाटलं, बिचारीचं डोकं ठिकाणावर नसेल. पाण्याला नको म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी तिला समजावलं की हे तुमच्या हक्काचं पाणी आहे, वरचे लोक तुमचं चोरत होते, मी भांडून आणलंय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांनी चोरलं तेच बरं होतं." मला इतका संताप आला की मी तिच्या पायाला वळसा घालून पुढे गेले. पाणी तर पुढे गेलंच.

आठ दिवसांनी ती रोह्याशेजारी वरसेला, माझ्या घराच्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. पिशवीतून वालाचं एक रोप काढलं, मुळासकट, आणि उंबऱ्यावर ठेवलं. पानं पिवळी पडलेली, मुळं काळी आणि बुळबुळीत. बोटाने दाबलं तर साल हातात आली.

"ह्ये तुजं पानी," ती म्हणाली आणि निघून गेली.

आता वालाबद्दल सांगते, कारण रोह्यात संसार करूनही मला हे तोवर कळलं नव्हतं. खारेपाटात आमच्याकडे भात आणि मीठ. वाल बाजारातून यायचे. आत डोंगराच्या बाजूला भात कापून झालं की त्याच शेतात, चिखल अर्धवट सुकलेला असतानाच वाल टाकतात. त्याला नंतर एक थेंब पाणी देत नाहीत. जमिनीत मुरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो येतो. उलट वरून पाणी मिळालं की मुळं सडतात. शेजारच्या शेतातलं झिरपलं तरी पुरे. माघात शेंगा भरतात, शिमग्याच्या आधी वाल काढून होतो. मग तो राखेत घोळून मडक्यात भरला की वर्षभराची बिरडी, म्हणजे सोललेल्या वालाची कालवणं, झाली. आंबेडोहचा कडवा वाल सोलायला पोरींना माहेरी बोलावतात, आणि बियाणं कुणी विकत आणत नाही. चांगुणाचं बियाणं तिच्या सासूकडून आलेलं, सासूचं तिच्या सासूकडून.

म्हणजे झालं होतं काय, तर वरचे चोर इतकी वर्षं आंबेडोहाचं पाणी चोरून आंबेडोहाचा वाल राखत होते. आणि मी शहाणी, न्याय करायला गेले आणि एका आठवड्यात पन्नास घरांचं वर्षाचं कालवण बुडवलं. त्या साली गावाने वाल विकत आणून खाल्ला. चांगुणाने घरातल्या मडक्यात तळाला उरलेला बी म्हणून ठेवला आणि पोरांना बिरडं दिलं नाही. हे मला नंतर तिच्या जावेने सांगितलं. मी तीन दिवस नीट जेवले नाही. माफी मागायला गेले तर चांगुणा म्हणाली, "तू खारेपाटातली ना? मंग तुला काय म्हनायचं. तुला पानी दिसलं की देव दिसतो." त्यावर मी रडले. तिने चहा केला.

गावात एकजण मात्र खूश होता. चांगुणाचा दीर, बाळारामभाऊ. त्यांनी लगेच दुसरं भात लावलं आणि पीक झकास आलं. मला बांधावर थांबवून म्हणाले, "बाय, तू पैली मानूस जिनं आमच्या शेताला पानी दिलं." मला फार अपराधी वाटलं, कारण पुढच्या साली तेच पाणी मी बंद करणार होते.

पुढच्या दोन वर्षी मी आंबेडोहाचं दार शिमग्यापर्यंत लावून ठेवलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी उघडायचं. तोवर वाल घरात आलेला असायचा. मग शेतात चवळी, काकडी, कलिंगड लावायला पाणी, गुरांना पाणी, आणि मुख्य म्हणजे विहिरी. गावाच्या दोन्ही विहिरी चारीच्या उतारावर आहेत. शिमगा ते पाऊस, त्या विहिरी चारीच्या झिरपण्यावर जगतात. गावाला हे पक्कं ठाऊक होतं. जानेवारीत पाणी म्हणजे वालाचा मृत्यू, आणि एप्रिलात पाणी नाही म्हणजे गावाचा.

सगळं छान चाललं होतं आणि मी दुसरी चूक करत होते. पहिली न मागता पाणी देण्याची; दुसरी कागदाशिवाय देण्याची. पाण्याची मागणी डिसेंबरच्या आत छापील अर्जावर यावी लागते. आंबेडोहाला डिसेंबरात पाणी नको होतं, म्हणून मी प्रामाणिकपणे रजिस्टरमध्ये लिहिलं, मागणी नाही. आणि मार्चमध्ये कालवा भरून वाहतोच आहे तर कशाला कागद, म्हणून तोंडी हिशोबात दार उघडलं. गावात पाणी खळखळत होतं आणि कागदावर गाव दोन वर्षं कोरडं होतं.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात ऑफिसात पत्र आलं. ज्या चाऱ्यांवर सलग मागणी नाही त्यांचा आढावा घ्यावा. आढावा या शब्दाचा अर्थ सरकारी नोकरी केलेल्या माणसाला विचारा. रोह्याभोवती वस्ती वाढत होती, कंपन्या आहेतच. पाण्याला गिऱ्हाईक कधीच कमी नव्हतं. आंबेडोहाचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद होणार होतं, आणि ते माझ्या अक्षराने होणार होतं. ‘मागणी नाही’ हे दोन शब्द मी किती सुबक लिहिले होते.

मी गावात जाऊन सगळं सांगितलं. देवळासमोर सभा बसली. निम्मे लोक म्हणाले, वाल गेला खड्ड्यात, जानेवारीत पाणी घ्या, निदान चारी तरी वाचेल. बाळारामभाऊ त्यांच्या पुढे. चांगुणा एकटी उभी राहिली. ती म्हणाली, "जानेवारीत पानी घ्या, भात लावा, बी दुकानातून आना, खत दुकानातून आना, नि वाल पन दुकानातून आना. मंग आपल्या मडक्यात काय ऱ्हायलं?" माना बऱ्याच हलल्या. पण तिच्या बाजूने हात कुणी वर केला नाही.

आमच्या पाटबंधारे ऑफिसचे साहेब नवीन होते, मराठवाड्यातले. पाहणीला ते जानेवारीत येणार असं ठरलं. मला म्हणाले, "ताई, आमच्याकडं टँकरमागं पळत्यात लोकं. पाणी नको म्हणणाऱ्या गावासाठी चारी कशाला ठेवायची, मला एक कारण सांगा." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही या. कारण खायला घालते."

वापरात नसलेली चारी म्हणजे तिच्यात गवत, झुडपं, कचरा. तसली चारी साहेबांना दिसली असती तर काम तमाम. म्हणून पाहणीच्या आधी चांगुणा आणि बारा-पंधरा बायका चारीत उतरल्या. गवत उपटलं, गाळ काढला, फुटलेले काठ मातीने लिंपले. कोरडी ठणठणीत चारी त्यांनी अंगणासारखी केली. मी दाराच्या दांड्याला नवं ग्रीस लावलं. दार बंद, पण बोटाने फिरेल असं.

साहेब दुपारी आले. आम्ही त्यांना चारीतच पथारी घालून बसवलं आणि शेजारच्या शेतात पोपटी लावली. एरवी पोपटी संध्याकाळी, थंडीत शेकत खायची. आम्ही दिवसाढवळ्या लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, परत पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. साहेब बघत होते. म्हणाले, "पाणी कधी घालणार?"

"घालत नाही," मी म्हटलं.

"मग शिजणार कशावर?"

चांगुणा म्हणाली, "शेंगेत हाय तेवड्यावर. शेतात पन तसाच येतो तो."

साहेबांनी शेंगा खाल्ल्या. पहिल्यांदा सालीसकट चावली, मग शिकले. खाता खाता उठून शेतात गेले, खाली बसून मातीत बोट घातलं. परत येऊन म्हणाले, "आमच्याकडं ज्वारी अशीच यायची. थंडीवर. आता ऊस आहे आणि टँकर आहे." मग आणखी एक शेंग सोलायला घेतली. मला त्यांचा चेहरा आवडला.

पण शेंगा खाऊन कुणी सरकारी नियम बदलत नाही, आणि बदलूही नये. साहेबांनी जाताना सांगितलं, "मुदत उलटलीय, तरी मागणी मार्चपासूनची लिहून द्या. अर्जात तशी जागा नाही, तर जोडपत्र लावा. पण चारीवरच्या प्रत्येक खातेदाराची सही पाहिजे. एक जरी राहिली तर उद्या तो माणूस जानेवारीत पाणी मागेल, मला ते द्यावं लागेल, आणि त्याच्या एकट्याच्या पाण्याने सगळ्यांचा वाल जाईल. सोमवारी कागद टेबलावर हवा."

मार्चच्या मागणीनेही चारी वाचतेय म्हटल्यावर शनिवारपर्यंत सगळ्या सह्या झाल्या. राहिली एक. कुणाची ते सांगायला नको.

रविवारी सकाळी मी आणि चांगुणा बाळारामभाऊंच्या अंगणात गेलो. ते पेंढ्याची उडवी रचत होते. उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "माजं शेत, माजं पोट. मी काय लावायचं ते गाव ठरवनार?"

"तू काय पन लाव," चांगुणा म्हणाली. "पन तुज्या पान्यानं माजं मरतंय."

"नि तुज्या वालानं माजं भात मरतंय, त्याचं काय?"

पंचाईत हीच होती की दोघंही खरं बोलत होते. मी इतकी वर्षं पाण्याची भांडणं सोडवली, त्यात एक चोर असायचा आणि एक साव. इथे दोन्ही साव. शेवटी खरं होतं तेच सांगितलं. म्हटलं, "भाऊ, चारी गेली तर तुमचं भात जानेवारीतही नाही आणि तुमची विहीर एप्रिलातही नाही. सही केलीत तर भात जाईल, विहीर राहील. तुमचं नुकसान आहे. मी नाही म्हणत नाही."

बाळारामभाऊ हळूहळू उडवीवरून खाली उतरले. अंगावरचा पेंढा झटकला.

"सही केली की कायमचा हक्क ग्येला?"

"नाही. दर साली नवा अर्ज. दर साली येऊन विचारणार."

"म्हंजे दर साली नाय म्हनायची सोय हाय?"

"आहे."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन चाळला. चांगुणाकडे बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाले, "लिही मग. बाळाराम राजी नाय. आसं लिही. नि त्याच्या खाली सही करतो."

मी जोडपत्राच्या शेवटी लिहिलं, "बाळाराम यांनी सही केली, राजी नाहीत." त्यांनी वाचून घेतलं, दोनदा, आणि सही केली. साहेबांनी सोमवारी ती ओळ वाचून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता कागद परत मिळणार. ते म्हणाले, "हे बरं केलंत. नंतर कुणी म्हणायला नको की फसवून घेतली." आणि आंबेडोहाची चारी वाचली. आमच्या रजिस्टरात एका चारीपुढे मी पहिल्यांदा लिहिलं, ‘शिमग्यापर्यंत पाणी नको.’ असं लिहिलेली चारी दुसरी कुठे असेल तर मला दाखवा. बावीस वर्षांत मी जे लिहिलं त्यात हे माझं सगळ्यात आवडतं वाक्य आहे.

पुढे दर डिसेंबरात मी जोडपत्र घेऊन गावात फिरायची. दर साली बाळारामभाऊ विचारायचे, "ती वळ लिवलीस?" मी लिहिलेली असायची. मग सही. त्यांच्या मुलाने शेत सोडलं आणि कंपनीत शिफ्टला लागला. दुसरं भात झालं असतं तर तो राहिला असता का, हे मला माहीत नाही. भाऊंना वाटतं की राहिला असता. त्यांनी मला तसं एकदा सांगितलं, रागाने नाही, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. हे माझ्या नोकरीचं एक देणं आहे आणि ते फिटलेलं नाही.

आता शेवटचं सांगते. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. माघी गणपतीला मी पेणला भावाकडे गेले होते, चार दिवसांची रजा टाकून. माझ्या जागी तात्पुरता दुसऱ्या हद्दीतला पाटकरी दिला होता, सज्जन माणूस. जाताना मी त्याला चावी दिली आणि बजावलं, "बाकी काही कर, पण पाणी आधी शेवटाला द्यायचं. हे माझं एक वाक्य लक्षात ठेव." आंबेडोहाचं सांगायचं राहून गेलं. माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं की ते सांगावं लागतं हेच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरती चालू असताना फोन वाजला. चांगुणा. "बाय, चारीला पानी सुटलंय. वाल शेंगेत हाय."

त्या माणसाने माझं वाक्य लक्षात ठेवलं होतं. मी त्याला फोन लावला, लागला नाही. प्रसाद हातात तसाच घेऊन मी निघाले. वडखळला रस्ता नेहमीप्रमाणे तुंबलेला. ट्रेलरच्या मागे ट्रेलर. एसटीत उभी राहून मी मनात हिशोब करत होते की एवढ्या वेळात पाणी देवळापर्यंत गेलं असेल, आता चांगुणाच्या बांधाला लागलं असेल. सतरा वर्षांपूर्वीचं ते काळं, बुळबुळीत मूळ मला डोळ्यांपुढे दिसत होतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा, जागा झालीय." मी बसले नाही. उभं राहून एसटी लवकर पोचणार होती थोडीच, पण निदान काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

रोह्यात उतरून रिक्षा केली. ऑफिसातून जादा चावी घेतली. आंबेडोहाच्या चारीच्या तोंडाशी पोचले तेव्हा दुपार झाली होती. दार तसंच वर, उघडं. आणि चारीत पुढे पाणी नाही. तळाला नुसती ओल.

मी काठावरून वाकून बघितलं. दाराच्या पुढे दोन पावलांवर गोण्या, पेंढा आणि चिखल यांचा बांध घातलेला होता. पेंढ्याच्या आख्ख्या पेंड्या, उडवीतून ओढून आणलेल्या. आणि त्या बांधातली फट पाठीने दाबून, कमरेपर्यंत पाण्यात, बाळारामभाऊ उभे होते. साठी उलटलेला माणूस, ओठ निळे पडलेले. चांगुणा वरून आणखी चिखल देत होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. बोलायची सवयच नव्हती.

"भाऊ," मी म्हटलं, "कधीपासून उभे आहात?"

"सकालधरनं. येवडा येल कुटं व्हतीस?"

"वडखळला अडकले." मी चावी खांद्यावरून उतरवली. "भाऊ, तुमचं शेत तर पहिलं आहे. ह्या पाण्यात तुमचं भात झालं असतं."

"व्हय," ते म्हणाले. "झालं आसतं."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बावीस वर्षं नोकरी करून हिला एवढंही कळत नाही.

"राजी नाय मी. आजून नाय," ते म्हणाले. "पन सही केलीया ना. बगत काय बसलीस, चावी लाव."

मी चावी लावली आणि दार पूर्ण खाली बसेपर्यंत फिरवली.